विनोद राहू द्या, खुलासे काढा

वाचकाचा प्रश्न

सोलापुरातल्या एका शाळेत मराठी शिकवणाऱ्या वाचक भगिनीचं हे पत्र आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्यांचं माहेर रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीकाठच्या गावात, कोकणी मुस्लिम घरातलं. सासर सोलापूरचं, घरात दखनी उर्दू बोलणारं. माहेर शाफई, सासर हनफी, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राचे दोन वेगळे पंथ. त्यामुळे लग्नानंतर असरच्या, म्हणजे उतरत्या दुपारच्या, नमाजापासून सोड्यांच्या, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीच्या, कालवणापर्यंत ज्या गमती झाल्या, त्यावर त्यांनी विनोदी लेख लिहिला. एका दिवाळी अंकाच्या संपादकांना तो आवडला, पण त्यांनी सुचवलं, 'थोडं धाडसी करा. तलाक, बुरखा, चार लग्नं असं काही येऊ द्या.' शाळेतल्या एका सहकारी बाई लेख वाचून पोट धरून हसल्या आणि मग म्हणाल्या, 'तुमच्यात असंच असतं ना सगळं!' ते या ताईंना टोचलं. घरी थोरल्या दिरांच्या, म्हणजे भाईजानच्या, हातात कागद पडले. ते म्हणाले, 'आपल्याला हसणारे कमी आहेत का, म्हणून तूही भर घालतेस?' पतीचं म्हणणं, केस-बिस होणार नसेल तर छाप. सासूबाईंना, म्हणजे लेखाच्या नायिकेलाच, अजून काही माहीत नाही. 'दीनाची, म्हणजे धर्माची, चेष्टा केल्याचं पाप तर माथी येणार नाही ना, ही धास्तीही आहेच. लेख नावानिशी छापू, टोपणनावाने छापू, की फाडून टाकू?' असं त्या विचारतात. लेखाची प्रत सोबत जोडली आहे.

सल्ला

लेख फाडायचा नाही, एवढं आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल. पण आज तो जसा आहे तसा छापायलाही देऊ नका.

मी मुसलमान नाही. तेव्हा दीनात काय बसतं आणि काय बसत नाही, याचा निवाडा माझ्याकडून घेऊ नका. त्यासाठी तुमच्या विश्वासातलं जाणतं माणूस गाठा, आणि शक्यतो असं गाठा की ज्याला हसता येतं. माझा संबंध मजकुराशी. विनोदी लेख कुठे चालतो आणि कुठे अडखळतो, हे बघण्यातच माझी नोकरीची सगळी वर्षं गेली.

तुमचा चांदरातीचा प्रसंग घेऊ. अम्मी, म्हणजे तुमच्या सासूबाई, गच्चीवर उभ्या आहेत. मोतीबिंदूचं ऑपरेशन त्यांनी दोन वर्षं पुढे ढकललंय, समोरच्या किराणा दुकानाची पाटी त्यांना वाचता येत नाही, पण चांद मात्र मोहल्ल्यात सगळ्यांच्या आधी त्यांनाच दिसतो. आभाळ भरून आलंय. अम्मींची साक्ष मशिदीत पोचते आणि रमजान सुरू होतो. महिनाभराने तसंच आभाळ, तोच चांद, त्याच अम्मी. पण ईदसाठी एकटीची साक्ष चालत नाही, आणखी साक्षीदार लागतात असा निरोप येतो. त्यावर अम्मी म्हणतात, 'रोजे सुरू करायला मी एकटी पुरते, संपवायला तुम्हाला माणसं गोळा करावी लागतात!'

हे वाक्य वाचून मी एकटीच खोलीत मोठ्याने हसले. आणि लगेच खाली तुमचा परिच्छेद आला. इस्लामी कालगणना चांद्र आहे, हनफी फिकहनुसार, म्हणजे धर्मशास्त्रानुसार, ढगाळ आकाश असताना साक्षीचे नियम असे असे आहेत, त्यामागे सावधगिरीचं तत्त्व आहे, हिंदू पंचांगातही अधिक मास असतोच, आणि आजची तरुण पिढी मात्र वैज्ञानिक गणिताकडे वळते आहे. हसू तिथेच आटलं. मास्तरीणबाई वर्गात शिरल्या.

हा परिच्छेद कुणासाठी लिहिलात? अम्मींसाठी नाही, त्यांना हे सगळं पाठ आहे. तुमच्या शाळेतल्या विद्यार्थिनी, माहेरच्या बहिणी, शेजारच्या खाला, यांच्यासाठीही नाही. तो लिहिला आहे तुमच्या सहकारी बाईंसाठी. लेख लिहिताना त्या सतत समोर खुर्ची टाकून बसलेल्या आहेत आणि तुम्ही दर चार ओळींनी थांबून त्यांना विचारताय, कळलं ना? गैरसमज नाही ना झाला? तुमचा सगळा पेच मला या खुर्चीत दिसतो. विनोद करावा की करू नये, हा प्रश्न त्यामानाने किरकोळ आहे.

आणि मजा बघा. 'तुमच्यात असंच असतं ना' हे त्या बाईंचं वाक्य तुम्हाला टोचलं, पण ते त्यांना सुचवलं कुणी? लेखात जागोजाग 'मुस्लिम समाजात अशी पद्धत आहे की', 'आमच्याकडे स्त्रियांना साधारणपणे' अशी वाक्यं आहेत. विनोद एका माणसाचा असतो. मोतीबिंदू असून चांद बघणारी बाई ही एकच, तुमची अम्मी. खुलासा मात्र समाजाचा असतो. तुम्ही अम्मींना गच्चीवरून खाली उतरवलंत आणि समाजाचा नमुना म्हणून टेबलावर ठेवलंत. समोरच्या बाईंनी नमुना बघितला आणि म्हणाल्या, अच्छा, असे असतात का हे लोक. त्यांना मी फार दोष देणार नाही. पुन्हा कुणी असं म्हणालं तर भाषण देऊ नका, भांडूही नका. 'आमच्यात नाही हो, आमच्या घरात' एवढं म्हणायचं आणि चहाचा कप उचलायचा.

तुम्ही म्हणाल, खुलासा काढला तर बाहेरच्या वाचकाला कळणार कसं? सगळं कळत नाही, आणि सगळं कळावं लागतही नाही. आपल्यापैकी बहुतेकांनी मुल्ला नसरुद्दीनच्या गोष्टी शाळेच्या वयात मासिकांतून वाचल्या. शेजाऱ्याकडून आणलेलं भांडं परत करताना तो सोबत एक छोटं भांडंही देतो आणि सांगतो, तुमचं भांडं व्यालं. पुढच्या वेळी भांडं परतच करत नाही आणि सांगतो, ते वारलं. काजी म्हणजे कोण, खुतबा म्हणजे काय, याची तळटीप कुणी दिली नव्हती. तुर्कस्तानातल्या अकशेहिर गावात ज्याची कबर दाखवतात तो माणूस सदाशिव पेठेतल्या आणि भुसावळच्या रेल्वे कॉलनीतल्या पोरांना विनाखुलासा आपला वाटला. तुमच्या लेखातलं सोड्यांचं प्रकरण तसंच आहे. कोकणातली सून माहेरून सोड्यांचा डबा आणते. सासरी काही आलिम, म्हणजे धर्मपंडित, कोळंबी मकरूह, म्हणजे टाळावी अशी, मानतात, म्हणून अम्मी डब्याला हात लावत नाहीत. पण रोज दुपारी डब्याचं झाकण घट्ट आहे का ते बघून येतात. तिसऱ्या दिवशी विचारतात, यात कोकम घालतात की चिंच? 'नुसतं विचारून ठेवते.' शाफई आणि हनफी यांच्यातला फरक ठाऊक नसलेल्या माणसालाही या बाईंच्या मनात काय चाललंय ते कळतं. इथे तुम्ही चारही फिकहांची माहिती दिली आहे. ती काढा.

असरचा प्रसंग मात्र आहे तसा ठेवा. सुनेची असर आधी, सासूची पाऊण-एक तासाने, आणि या दोन नमाजांच्या मधला वेळ घरात चहाचा. कारण तेवढ्याच वेळात 'दोघींपैकी कुणाचंही चुकत नाही'. उत्तम. एक अक्षर बदलू नका.

आता भाईजान. तुम्ही त्यांना पत्रात जरा झटकून टाकलंय, जुन्या वळणाचे म्हणून. मला तसं वाटत नाही. त्यांचं वाक्य परत वाचा. दीन बुडेल असं ते म्हणत नाहीत. हसणारे आधीच पुष्कळ आहेत, असं म्हणतात. ते खोटं नाही. मराठीत सोवळ्या-ओवळ्यावर, श्रावणातल्या उपासांवर, गणपतीच्या आरतीत शब्द चुकवणाऱ्या काकांवर ढिगाने विनोद लिहिले गेले. वाचणारा हसतो आणि पान उलटतो. हिंदूंबद्दल लोकांचं मत वाईट होईल का, अशी काळजी त्या लेखकाला करावी लागली नाही, कारण त्या काकांसारखी आणखी शंभर माणसं वाचकाने स्वतः पाहिलेली असतात. तुमच्या अम्मींसारखं माणूस अनेक वाचकांच्या आयुष्यात छापील पानावर पहिल्यांदाच येणार आहे. भर म्हणून हल्ली पानाचा फोटो काढला जातो, त्यातल्या चार ओळी कापल्या जातात आणि त्या कुठल्या गटात जाऊन पडतील याचा नेम नसतो. हे ओझं तुमच्यावर आहे आणि ते अन्यायाचं आहे. पण ते नाहीच, असं समजून लिहिण्यात शहाणपणा नाही.

म्हणून भाईजानना गप्प करू नका, कामाला लावा. त्यांना विचारा, या लेखातल्या कुठल्या चार ओळी वेगळ्या कापल्या तर वाईट दिसतील? असं वाचणारा माणूस प्रत्येक विनोदी लेखकाला मिळायला हवा. मला स्वतःला दोन जागा दिसल्या. एक तुमच्या नणंदेच्या लग्नातल्या मेहेरच्या, म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायच्या रकमेच्या, बोलणीची, आणि दुसरी मदरशातल्या पोरांच्या भुकेवरची. दुसरी तर काढाच. तिथे तुम्ही गरिबीला हसताय आणि तुम्हाला ते लक्षात आलेलं नाही.

पतीच्या शंकेबद्दल दोन ओळी. धार्मिक भावना दुखावण्याचं कलम, पूर्वीचं २९५अ आणि आता भारतीय न्याय संहितेतलं २९९, जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेल्या अपमानाबद्दल आहे. सोड्यांच्या डब्याचा त्याच्याशी संबंध लावायला फार कल्पनाशक्ती लागेल. ती लोकांकडे असते, हे मान्य. पण त्या हिशेबाने मग किराणा मालाची यादीसुद्धा छापता येणार नाही.

पापाच्या धास्तीकडे वळते. तुम्ही गृहीत धरलंय की एका बाजूला श्रद्धा आणि दुसऱ्या बाजूला हसू, आणि तुम्ही या बाजूने त्या बाजूला घसरताय. पण या परंपरेतल्या हसण्याचा इतिहास थोडा जरी चाळला तरी असं कुंपण दिसत नाही. मिर्झा गालिब यांची एक गोष्ट घ्या. ती त्यांचे शिष्य हाली यांनी १८९७ साली प्रसिद्ध केलेल्या 'यादगार-ए-गालिब'मध्ये आहे, आणि हाली काही दीनाची टवाळी करणारे नव्हते. रमजानची दुपार. गालिब आपल्या घरातल्या एका लहानशा अंधाऱ्या खोलीत मित्राबरोबर चौसर खेळत बसलेले. तेवढ्यात मुफ्ती सदरुद्दीन आजुर्दा आले. ते दृश्य बघून म्हणाले, रमजानात सैतान कैदेत असतो असं हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, वाचलं होतं, आज जरा शंका यायला लागली. गालिब म्हणाले, किब्ला, हदीस अगदी बरोबर आहे. फक्त सैतान जिथे कैद असतो ती हीच कोठडी.

या गोष्टीत कुणाला हसलं गेलं ते पाहा. हदीसला नाही, उलट गालिब तिची बाजूच घेतात. मुफ्तींनाही नाही, अर्धा विनोद तर त्यांनीच केला आहे. मार बसला तो एकट्या गालिबवर, आणि तोही त्यांनी स्वतः ओढवून घेतला. शिवाय ज्याला हदीस माहीत नाही त्याला हा विनोद करताच आला नसता. उर्दू कवी अकबर इलाहाबादी (१८४६ ते १९२१) यांचंही तसंच. सेशन जज्ज, श्रद्धाळू माणूस, आणि शेरांमध्ये शेखजींपासून इंग्रजाळलेल्या बाबूपर्यंत कुणालाच त्यांनी सोडलं नाही. हे लोक कुंपणाबाहेर उभे राहून खडे मारत नव्हते. घरातच बसले होते.

त्याहून मागे जायचं तर इमाम तिर्मिजी यांच्या 'शमाइल'मध्ये, म्हणजे पैगंबर साहेबांच्या राहणी-वागणुकीबद्दलच्या नवव्या शतकातल्या संग्रहात, त्यांच्या थट्टा-विनोदावर वेगळं प्रकरणच आहे. कुणी स्वारीसाठी जनावर मागतो. ते म्हणतात, तुला उंटिणीचं पिल्लू देतो. तो गोंधळतो, पिल्लू घेऊन मी काय करू? ते म्हणतात, प्रत्येक उंट उंटिणीचंच पिल्लू असतो ना? त्याच प्रकरणात हेही येतं की थट्टेतसुद्धा आपण खरं तेच बोलतो, असं त्यांनी सांगितलं. तुमच्या घरात हे पुस्तक असेल. नसलं तर भाईजानना नक्की माहीत असेल, त्यांच्याकडूनच मागून घ्या.

थट्टेतही खरं तेच, ही कसोटी तुमच्या लेखाला लावली तर एकच प्रसंग गळतो, बकरी ईदच्या बोकडाचा. बोकड दोर तोडून पळतो, सगळा मोहल्ला मागे धावतो, शेवटी तो शाळेच्या हेडमास्तरांच्या खोलीत सापडतो. हे घडलेलं नाही, वाचताना लगेच कळतं. इतकी वर्षं इतक्या लेखांतून बोकड पळून गेले आहेत की आता बोकडालाच कंटाळा आला असेल. खरा प्रसंग तुमच्या पत्रात आहे, लेखात नाही: तुमचा धाकटा मुलगा बोकडाला रोज स्वतःच्या डब्यातली पोळी देत होता आणि घरात सगळे ते न बघितल्यासारखं करत होते. त्यात हसूही आहे आणि दुसरंही काही आहे. तो लिहा.

दुसरी कसोटी कुरआनातली, सूरह अल-हुजुरातची अकरावी आयत. एका समूहाने दुसऱ्याची टर उडवू नये, बायकांनी बायकांची उडवू नये, आणि एकमेकांना टोपणनावं ठेवू नयेत. मी तिचा अर्थ लावायला बसलेली नाही, त्यासाठी माझ्यापेक्षा अधिकारी माणसं आहेत. पण संपादनाचा नियम म्हणूनही ती मला एकदम पटते. तुम्ही लेखात भाईजानना 'व्हॉट्सॲप मौलाना' म्हटलंय. नाव झकास आहे, आणि म्हणूनच ते त्यांना चिकटेल. अंक आल्यावर आठ दिवसांत गल्लीतली पोरं त्यांना त्याच नावाने हाक मारतील आणि पुढची वीस वर्षं मारतील. दीर पहाटे उठून सगळ्या नातेवाइकांना सहेरीच्या वेळा पाठवतात, आणि त्या वेळा दुसऱ्याच शहराच्या असतात, हा प्रसंग ठेवा. नाव काढा.

संपादकांना काय सांगायचं? मी या व्यवसायातली आहे, म्हणून जरा तिखटच बोलते. तलाक, बुरखा आणि चार लग्नं यांत धाडस कुठे आहे? मराठीतल्या मुसलमानावरच्या विनोदाचा हा सगळ्यात जुना, वापरून पातळ झालेला माल आहे. धाडस तुमच्या सोड्यांच्या डब्यात आहे, कारण तसं मराठीत फार कुणी लिहिलेलं नाही. याचा अर्थ त्या विषयांवर लिहूच नये असा नाही. तुमच्या माहेरच्या जिल्ह्यातले, चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई तोंडी तलाकविरुद्ध उभे राहिले, १९६६ साली सात मुस्लिम महिलांचा मोर्चा त्यांनी मुंबईत काढला. भाईजानचं त्यांच्याबद्दल काय मत असेल याचा मला अंदाज आहे, तो वाद इथे नको. सांगायचं इतकंच की तो राग त्यांचा स्वतःचा होता. तुम्हालाही त्या विषयावर कधी मनापासून राग आला तर जरूर लिहा, वेगळा लेख लिहा. संपादकांनी मागितला म्हणून राग आणू नका. त्यांना साधं कळवा: 'लेख घरातल्या गोष्टींवर आहे, तेवढ्याच राहतील.' चांगला संपादक समजून घेईल. न घेणाऱ्याकडे लेख न दिलेला बरा. दिवाळी अंक पुष्कळ निघतात.

टोपणनावाचा पर्याय तुमच्या बाबतीत फुकट आहे. सोलापुरात कोकणातून आलेली, सोडे खाणारी, शाळेत मराठी शिकवणारी सून; दुसऱ्या परिच्छेदाला सगळा मोहल्ला तुम्हाला ओळखेल, आणि वर नाव लपवलं म्हणजे काहीतरी काळंबेरं असणार असंही ठरवेल. तपशील बदलून सासूची खाला करणं, सोलापूरचं लातूर करणं, हे जमेल. पण मग अम्मींचा आवाज जाईल, आणि लेखात जीव त्याच आवाजाचा आहे. नावानिशी छापा. पण त्याआधी एक काम करायचंय, आणि ते टाळता येणार नाही.

अम्मींना वाचून दाखवा.

त्या उर्दू वाचतात, मराठी वाचत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. तेव्हा हातात कागद देऊन सुटका नाही. समोर बसून, जिथे गरज पडेल तिथे दखनीत सांगत, पूर्ण लेख ऐकवा. एकदम 'दिवाळी अंकात येणार आहे' असं सांगू नका. आधी ऐकवा, मग सांगा. हसल्या तर पुढे जा. 'मी असं बोललेच नाही' म्हणाल्या तर काय बोलल्या होत्या ते विचारा, बहुतेक वेळा मूळ वाक्य तुमच्यापेक्षा सरस निघतं. कुठे एकदम गप्प झाल्या तर ती जागा न विचारता कापा. आणि सगळं ऐकून नको म्हणाल्या, तर लेख कपाटात ठेवा. फाडू नका, पुढच्या रमजानला कदाचित त्याच विचारतील, ते माझ्यावर लिहिलेलं कुठे आहे. पण त्या हो म्हणाल्या आणि भाईजान नाही म्हणाले, तर भाईजानना लेखातून काढा आणि लेख छापा. त्यांचा हक्क त्यांच्या स्वतःच्या चित्रापुरता. अम्मींच्या चित्रावर हक्क अम्मींचा.

अम्मी बिथरतील असं तुम्ही का धरून चालला आहात, हेही मला नीट कळलं नाही. त्या दखनी बोलणाऱ्या घरातल्या आहेत. सोलापूरच्या शेजारीच गुलबर्गा, आणि तिथले सुलेमान खतीब हे दखनी विनोदी कवी मुशायऱ्यांत सासू-सुनेच्या भांडणावर कविता म्हणायचे तेव्हा माणसं लोटपोट व्हायची. अम्मींच्या पिढीला यातलं बरंच तोंडपाठ असतं. विचारून बघा. घरात विनोदाची परंपरा तुम्ही आणताय, असं तुम्हाला वाटतंय. ती बहुधा तुमच्या आधीपासून तिथे नांदते आहे.

भाषेबद्दल एक. अम्मींचं दखनी तुम्ही कानाने ऐकून लिहिलंय, ते चोख आहे. पण मटणाच्या दुकानातला भाई मात्र एकदम सिनेमातलं बोलायला लागतो, 'अरे मेमसाब, क्या बात करती हो'. सोलापूरचा दुकानदार तुम्हाला मेमसाब म्हणेल? मराठी नाटका-वगांतून मोडकं हिंदी बोलणारा, डोळ्यांत सुरमा घातलेला एक ठरावीक मुसलमान फार वर्षं वावरतोय. तो तुमच्याही लेखात चोरपावलांनी शिरलाय, कारण तुम्हीही तेच साहित्य वाचून मोठ्या झालात. त्याला बाहेर घालवा आणि त्या जागी रोजचा, भावावरून तुमच्याशी वाद घालणारा खरा माणूस आणा.

या निमित्ताने इतरांसाठीही थोडं. वसईच्या ख्रिस्ती घरातल्या एका वाचकाने आणि एका जैन वाचक मुलीने साधारण हाच प्रश्न मागे विचारला होता. खुर्चीत बसलेल्या पाहुण्याबद्दल जे लिहिलं ते त्यांनाही लागू आहे. जे मुसलमान नाहीत पण ज्यांच्या लिखाणात मुसलमान शेजारी, मित्र, दुकानदार येतात, त्यांनी एक करून बघावं. त्या पात्राचं नाव बदलून 'सुरेश' करा. प्रसंगातलं हसू टिकलं तर तुम्ही माणसावर लिहिलंय. हसू पार उडालं, तर तुम्ही फक्त टोपी आणि दाढीला हसत होतात. तुमच्या लेखाला ही परीक्षा लावायची गरज नाही, ताई. तुमचे प्रसंग दीनाच्या आतूनच उगवलेत, तिथे सुरेश चालायचाच नाही.

लेख सुधारून झाला की पहिला वाचक म्हणून सहकारी बाई नकोत. तुमच्याच सोलापुरात १९९० साली पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, फक्रुद्दीन बेन्नूर यांच्यासारखी माणसं त्यामागे होती. त्या वर्तुळातली लिहिती-वाचती मंडळी सोलापुरात आजही सापडतील. त्या चळवळीतून आलेलं जे लेखन माझ्या वाचनात आलं ते बहुतेक गंभीर होतं, दंगलींचं, संशयाचं, बायकांच्या दुःखाचं. ते लिहिलं जायलाच हवं होतं. पण गच्चीवर उभं राहून साक्षीदारांवर चिडलेली बाई मला त्यात भेटली नाही. त्यांच्यातल्या दोघा-तिघांना लेख दाखवा आणि एकच प्रश्न विचारा: कुठल्या ओळी तुम्हाला सांगायची गरज नव्हती? त्या सगळ्या खोडा. माझ्या अंदाजाने लेख तिसऱ्या हिश्श्याने बारीक होईल.

आणि शीर्षक स्वतःच द्या, ते संपादकांवर सोडू नका. पत्राच्या शेवटी, जाता जाता, त्यांनी सुचवलेलं 'बुरख्याआडचं हसू' हे नाव तुम्ही मला विचारलंय. नको. तुमच्या अख्ख्या लेखात बुरखा एकदाही आलेला नाही.